प्राणवायुमापकाची परीक्षा

नागपूर शहराला समुद्र नाहीं. पाणबुड्यांच्या गोष्टी येथील घरांतून वाचल्या जातात त्या पुस्तकांत. असें असूनहि पाणबुड्याच्या पाठीवरील ज्या यंत्राची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचें एक भावंड नागपूरच्या अगदीं वेशीपाशीं नांदत आहे. शहराच्या उत्तरेस कामठीचें कोळसाक्षेत्र पसरलेलें आहे. सिलेवाडा, पिपळा, सावनेर हीं तेथील खाणींचीं नांवें नागपूरकरांच्या कानांवरून गेलेलीं असतात. १९७५ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या कंपनीची मुख्य कचेरी नागपुरांत आहे आणि तिचें बचावकेंद्रहि नागपुरांतच आहे. खाणींत आग लागली किंवा विषारी वायु कोंडला, म्हणजे जेथून इतर सर्व माणसें बाहेर धांवत असतात तेथें बचावपथकाची तुकडी आंत शिरते. या तुकडींतील प्रत्येकाच्या पाठीवर एक पेटी असते. पेटींत असतो शुद्ध प्राणवायूचा एक लहानसा सिलिंडर, सोडा-लाइम नांवाच्या चुनेवजा क्षाराचा एक डबा आणि श्वासासाठीं एक पिशवी. मनुष्यानें सोडलेला श्वास बाहेर न जातां त्या डब्यांतून फिरतो, तेथें स्वच्छ होतो आणि पुन्हां त्याच्याच तोंडीं परत येतो. इंग्रजींत अशा यंत्राला ‘रीब्रीदर’ म्हणतात.

या युक्तीच्या मुळाशीं शरीरशास्त्रांतील एक साधी गोष्ट आहे. हवेंत शंभर भागांत सुमारें एकवीस भाग प्राणवायु असतो. मनुष्य श्वास सोडतो तेव्हां त्यांतील सोळा-सतरा भाग तसेच बाहेर टाकतो. शरीरानें उचललेले असतात ते केवळ चार-पांच भाग. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूचा मोठा हिस्सा वायां जातो. जमिनीवर या उधळपट्टीचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. पण हवा पाठीवर वाहून न्यावी लागली कीं हिशेब निराळा होतो. साधा हवेचा सिलिंडर घेऊन तीस मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याला तेथील चौपट दाबामुळें पृष्ठभागापेक्षां चौपट हवा लागते, आणि ती बहुतेक सगळी बुडबुड्यांच्या रूपानें वर निघून जाते. उलट, शरीराला जाळण्यासाठीं लागणारा प्राणवायु खोलीप्रमाणें वाढत नाहीं. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर आणि कष्ट करणाऱ्याला लिटर-दोन लिटर, मग तो माडीवर असो कीं समुद्राच्या तळाशीं. श्वास पुन्हां पुन्हां वापरला आणि त्यांत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड, जुन्या शालेय पुस्तकांतील कर्बद्विप्राणिद, क्षारांत शोषून घेतला, तर लहानशा सिलिंडरावर तासचे तास काढतां येतात. बुडबुडे उठत नाहींत हा आणखी एक लाभ. नौदलाच्या पाणबुड्यांना तो विशेष मोलाचा वाटतो.

खाण आणि पाणी यांचा संबंध नागपूर जिल्ह्याला अपरिचित नाहीं. १९७५ च्या नोव्हेंबरांत सिलेवाडा खाणींत पाणी घुसून कामगारांचे बळी गेले होते. या यंत्राची कीर्तिहि प्रथम झाली ती पाणी भरलेल्या भुयारांतच. हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थानें १८७८ सालीं तें तयार केलें. त्यांत कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठीं कॉस्टिक पोटॅशमध्यें भिजविलेला काथ्या भरलेला असे. इंग्लंडांत सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणीत असतां त्यांत पाणी शिरलें आणि आंतील एक लोखंडी दरवाजा बंद केल्यावांचून उपसा होईना. हवेची लांब नळी ओढीत त्या भुयारांत जाणें दुष्कर होतें. १८८० सालीं अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या फ्लूसचें यंत्र पाठीवर बांधून काळोख्या पाण्यांतून सुमारें तीनशें मीटर चालत गेला आणि दरवाजा लावून आला. पुढें याच कल्पनेच्या दोन शाखा झाल्या. एक खाणींच्या बचावपथकांकडे गेली, दुसरी पाणबुड्यांकडे.

या दोन शाखांत वरून साम्य पुष्कळ आहे. भेद एकच आहे, पण तो जीवघेणा आहे. खाणींतील मनुष्य जमिनीखालीं असला तरी त्याच्यावरील हवेचा दाब जवळजवळ बाहेरच्याइतकाच असतो. या दाबाखालीं शुद्ध प्राणवायु कांहीं तास घेतला तरी निरोगी मनुष्याला अपाय होत नाहीं. त्यामुळें खाणीसाठीं बनविलेल्या यंत्राला फार विचार करावा लागत नाहीं. जर्मनीच्या ड्रेगर कंपनीचें बीजी-४ हें भारतीय खाणींना परिचित असलेलें यंत्र मिनिटाला दीड लिटरांहून थोडा अधिक प्राणवायु सारखा सोडीत राहतें आणि माणसाला जास्त लागल्यास झडप उघडून जास्त देतें. चार तासांची त्याची मुदत असते, आणि श्वास तापूं नये म्हणून त्यांत बर्फाचा गोळाहि ठेवलेला असतो. आंत जाण्यापूर्वीं पेटी गळते कीं काय, प्राणवायूची धार नेमकी आहे कीं नाहीं, हें पाहणें सक्तीचें आहे. परंतु श्वासाच्या पिशवींत प्राणवायूचें प्रमाण किती आहे, हें क्षणोक्षणीं मोजणारा मापक मात्र त्यांत नसला तरी चालतो. पिशवींत प्राणवायु गरजेहून अधिकच असतो, आणि तो अधिक असणें तेथें निरुपद्रवी आहे.

पाण्याखालीं तेंच अधिक असणें विष होतें. पाण्यांत दर दहा मीटरांमागें एका वातावरणाइतका, म्हणजे सुमारें एक ‘बार’, दाब वाढतो. शरीराला महत्त्व असतें तें प्राणवायूच्या शेंकडा प्रमाणाला नव्हे, तर त्याच्या वांट्याला आलेल्या दाबाला. या दाबाला शास्त्रज्ञ आंशिक दाब म्हणतात. एकूण दाबाला प्राणवायूच्या प्रमाणानें गुणलें कीं तो निघतो. समुद्रसपाटीवरील हवेंत तो ०.२१ बार असतो. तीस मीटर खालीं, जेथें एकूण दाब चार बार आहे तेथें, त्याच हवेंत तो ०.८४ होतो. शुद्ध प्राणवायु घेऊन सहा मीटर खालीं गेलें कीं आंशिक दाब १.६ बारवर पोहोंचतो, आणि येथून पुढें अपस्मारासारखे झटके येण्याची भीति असते. जमिनीवर झटका आलेला मनुष्य कोणीतरी सांवरून धरतो. पाण्यांत त्याच्या तोंडांतील नळी सुटते आणि तो बुडतो.

ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें फ्लूसचें यंत्र निघालें त्याच सालीं, १८७८ मध्यें, ग्रंथरूपानें मांडली होती. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश नौदलासाठीं जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं स्वतःच्या शरीरावर दाबाचे प्रयोग करून घेतले. प्राणवायूच्या एका झटक्यांत त्यांच्या पाठीच्या कण्यालाच इजा झाली. तेच हॉल्डेन पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले, येथील नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले. त्याच काळांत केनेथ डोनाल्ड या डॉक्टरानें नौदलाच्या स्वयंसेवकांवर शेंकडों चांचण्या केल्या. त्यांचा निष्कर्ष चिंता वाढविणारा होता: एकाच दाबाला एक मनुष्य तास टिकतो तर दुसरा कांहीं मिनिटांत कोसळतो, आणि आज टिकलेला मनुष्य उद्यां टिकेलच असेंहि नाहीं. म्हणजे पाणबुड्याला स्वतःच्या प्रकृतीवर विसंबतां येत नाहीं. त्याला आंकडा हवा.

अधिकाचें भय असें. उणेपणाचें त्याहून फसवें. कोंडलेल्या जागीं जीव गुदमरतो, असा सर्वांचा समज आहे. परंतु ती गुदमर प्राणवायु कमी झाल्यामुळें नसते, कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळें असते. रीब्रीदरमध्यें तो वायु क्षारांत शोषला जात असल्यामुळें धोक्याची ही नैसर्गिक घंटा वाजतच नाहीं. समजा, चाळीस मीटर खोलीवर पिशवींतील वायूंत प्राणवायु घटून शंभरांत दहा भागच उरला. तेथें दाब पांच बार आहे. आंशिक दाब ०.५ बार, म्हणजे पुरेसा. पाणबुड्याला हुषारी वाटत असते. पण प्राणवायूची भर न पडतां तो वर येऊं लागला, तर पृष्ठभागाशीं त्याच वायूचा आंशिक दाब ०.१ वर येतो. एवढ्यावर मनुष्याची शुद्ध हरपते, आणि ती हरपण्यापूर्वीं त्याला कांहीं जाणवतहि नाहीं.

या दोन कड्यांच्या मधून वाट काढावयाची, म्हणून खोल जाणारा पाणबुड्या दोन सिलिंडर नेतो: एकांत प्राणवायु, दुसऱ्यांत तो पातळ करण्यासाठीं हवा किंवा हेलियमचें मिश्रण. पिशवींत किती आंशिक दाब आहे हें विजेचा मापक सांगतो आणि तो ठरीव आंकड्याच्या, बहुधा १.२ किंवा १.३ बारच्या, खालीं गेला कीं विजेवर उघडणारी झडप प्राणवायूचा एक झोत सोडते. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांचें ‘इलेक्ट्रोलंग’ हें यंत्र १९६८ सालीं अमेरिकेंत पुढें आलें. विजेनें स्वतःचा प्राणवायु राखणाऱ्या यंत्रांचा तो आरंभ. तेव्हांपासून पाणबुड्याचा जीव अंगठ्याएवढ्या एका घटाच्या शब्दावर अवलंबून राहूं लागला.

हा घट म्हणजे एक छोटी बॅटरीच. आंत एका बाजूस सोन्याचा पातळ मुलामा दिलेला पत्रा, दुसऱ्या बाजूस शिशाचा तुकडा, मध्यें पोटॅशियम हायड्रॉक्साइडचें द्रावण, आणि तोंडावर अतिशय पातळ असा टेफ्लॉनचा पडदा. पडद्यांतून झिरपलेला प्राणवायु सोन्यापाशीं पोहोंचतो, शिसें गंजूं लागतें आणि त्या गंजण्यांतून वीज निघते. प्राणवायूचा दाब दुप्पट झाला कीं वीजहि दुप्पट. रुग्णालयांतील श्वसनयंत्रांत आणि खाणींत नेण्याच्या वायुदर्शकांतहि बहुधा याच जातीचा घट बसविलेला असतो. मेणबत्ती जळते म्हणजे जशी संपत जाते, तसें शिसें गंजतें म्हणजे संपत जातें. तो मोजतो तोच मुळीं स्वतःला झिजवून. खोक्यांत बंद करून ठेवला तरी त्याचें आयुष्य थोडेंबहुत खर्च होत राहतें. म्हणून त्यावर तारीख छापलेली असते आणि वापरूं लागल्यापासून साधारण वर्षभरांत तो बदलावयाचा असतो.

आतां खरी अडचण येथें आहे कीं, म्हातारा झालेला घट सरसकट चुकत नाहीं. तसा चुकला असता तर तो चटकन् ओळखूं आला असता. एका घटाचें उदाहरण घ्यावें. समुद्रसपाटीच्या हवेंत, म्हणजे ०.२१ बारला, तो १० मिलिव्होल्ट वीज देतो. या हिशेबानें एक बारला त्यानें ४७.६ मिलिव्होल्ट दिले पाहिजेत आणि १.३ बारला सुमारें ६२. हवेंत पाहिलें तर १० बरोबर. शुद्ध प्राणवायूंत धरला तर ४७.६ बरोबर. परंतु आंतील शिसें झिजल्यामुळें त्याची एकंदर शक्तीच ५५ मिलिव्होल्टांवर येऊन थबकलेली आहे. ५५ म्हणजे सुमारें १.१५ बार. यापुढें प्राणवायु कितीहि वाढला तरी हा घट १.१५ हेंच सांगत राहणार. यंत्राला आज्ञा आहे १.३ राखण्याची. तें पाहतें, १.१५ आहे, कमी आहे, झोत सोडतें. पुन्हां पाहतें, अजून १.१५च, पुन्हां झोत. खरा दाब १.३ ओलांडून १.६, दोन, त्याहूनहि वर चढत जातो आणि तबकडीवर मात्र निश्चिंत आंकडा झळकत असतो. पृष्ठभागावर केलेली कोणतीहि साधी परीक्षा हा दोष दाखवीत नाहीं, कारण पृष्ठभागावर एक बारच्या वरचा प्रश्न त्याला विचारलाच जात नाहीं. सोप्या बेरजा अचूक करणारा विद्यार्थी त्रैराशिकांत अडेल कीं नाहीं, हें बेरजा घालून कळत नसतें.

यावर यंत्र बनविणाऱ्यांनीं काढलेला तोडगा तीन घटांचा. तीन असले म्हणजे एखादा बिघडला तरी इतर दोघांच्या मतानें चालावें; यंत्र तिघांतील वेगळा पडलेला आंकडा बाजूला टाकतें. पंचायतीची ही पद्धत वरवर निर्दोष दिसते. पण पंच एकमेकांहून स्वतंत्र असले, तरच त्यांच्या बहुमताला अर्थ. येथें तिन्ही घट एकाच कारखान्यांत, पुष्कळदां एकाच आठवड्यांत जन्मलेले, एकाच दिवशीं बसविलेले, एकाच ओलसर पिशवींत तितकेच तास घालविलेले. म्हातारपण त्यांना बरोबरच येतें. समजा, त्यांतील दोन घट १.१५ वर थबकले आहेत आणि एक नवा असल्यामुळें खरें सांगत आहे कीं दाब १.६ झाला. यंत्र काय करील? दोन एकीकडे, एक दुसरीकडे. तें खरें बोलणाऱ्यालाच खोटा ठरवील. साक्षीदार एकाच घरांतले असले तर त्यांच्या एकमुखी साक्षीला न्यायाधीश फारशी किंमत देत नाहींत. पाणबुड्यालाहि तसेंच वागावें लागतें. म्हणून तिन्ही घट एकदम न बदलतां कांहीं महिन्यांच्या अंतरानें एकेक बदलावा आणि ते निरनिराळ्या खेपेचे असावेत, अशी शहाण्या पाणबुड्यांची रीत आहे. तिनें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

मग घटावर विश्वास ठेवावा तो कशाच्या बळावर? याचें उत्तर जुन्या पंतोजींना सहज सुचलें असतें: ज्याचें उत्तर आपल्याला आधींच ठाऊक आहे असा प्रश्न त्याला विचारावा, आणि उत्तर पाटीवर लिहून ठेवून मग त्याचें ऐकावें. वायूची जात ठाऊक, दाब ठाऊक. तेव्हां गुणाकार करून यावयाचा आंकडा अगोदर काढतां येतो. तबकडी अगोदर पाहिली आणि हिशेब मागून केला, तर मन हिशेबालाच तबकडीकडे वांकवतें.

पहिला प्रश्न घरींच विचारावयाचा. घट एकदां हवेंत आणि एकदां शुद्ध प्राणवायूंत धरून दोन्ही वेळचे मिलिव्होल्ट पाहावयाचे. पण येथेंहि भौगोलिक बारकावा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंचीवर आहे. येथील हवेचा दाब मुंबईसारखा १०१० मिलिबारच्या आसपास नसून ९७५ च्या आसपास असतो. म्हणून येथें शुद्ध प्राणवायूचा दाब एक बार नव्हे, ०.९७५ बार. कोणी मुंबईच्या संवयीनें नागपुरांत बसून यंत्राला ‘हें एक बार’ म्हणून शिकविलें, तर पाण्याखालीं १.३० दिसतांना प्रत्यक्षांत १.२७ असेल. ही चूक लहान आणि झटक्याच्या दृष्टीनें सुरक्षित बाजूची खरी, पण चुकांची बेरीज होत असते. दुसरा बारकावा दमटपणाचा. मे महिन्याच्या कोरड्या हवेंत येथें प्राणवायूचा आंशिक दाब २०४ मिलिबार भरेल. श्रावणांतल्या तीस अंशांच्या ओल्याकिच्च हवेंत पाण्याची वाफच ४२ मिलिबार जागा अडविते आणि प्राणवायूच्या वांट्याला १९५ उरतात. तीच खोली, तोच घट, आणि आंकड्यांत शेंकडा चारांचा फरक. घट बिघडला नाहीं, हवाच बदलली. यासाठीं परीक्षा सिलिंडरांतील कोरड्या वायूनें घ्यावी. तो वायुहि पारखलेला असावा. २०२१ सालच्या साथींत पुष्कळ घरांतून आलेलीं प्राणवायु-संकलक यंत्रें सर्वांच्या स्मरणांत आहेत. त्यांतून निघणारा प्राणवायु शंभर टक्के नसतो, नव्वदीच्या थोडा पुढें असतो. तसल्या वायूला शुद्ध समजून घटाला शिकविलें तर शिक्षकच चुकला म्हणावयाचा.

दुसरा प्रश्न वरच्या इयत्तेचा: एक बारच्या पुढें काय? त्यासाठीं एक लहानशी धातूची कुपी मिळते. घट तींत ठेवून प्राणवायूचा दाब हळूहळू दीड-दोन बारपर्यंत चढवितात आणि मिलिव्होल्ट त्याच प्रमाणांत चढतात कीं मध्येंच अडखळतात तें पाहतात. वर सांगितलेला ५५ वर थबकणारा घट येथें तत्काळ उघडा पडतो, आणि तोहि कोरड्या जमिनीवर, कोणाचा जीव पणाला न लागतां. ज्याच्याजवळ कुपी नाहीं, त्यानें ही परीक्षा सहा मीटर पाण्याखालीं घ्यावयाची. पिशवींतील वायु काढून ती शुद्ध प्राणवायूनें धुतली, कीं आंकडा १.६ च्या अगदीं जवळ जावा. थोडा कमी भरणें क्षम्य आहे, कारण पिशवी पूर्ण धुतली जात नाहीं आणि श्वासाची वाफहि असते. पण तीन घटांपैकीं एखादा रेंगाळत चढला किंवा १.३ च्या खालींच थांबला, तर त्या दिवसाची बुडी तेथेंच संपवावयाची असते. ही परीक्षा थोडक्या वेळांत आणि स्वस्थ राहून उरकावयाची, कारण हा दाब धोक्याच्या सीमेवरचाच आहे.

तिसरा प्रश्न खोल तळाशीं, प्रत्यक्ष कामावर असतां विचारावयाचा. आंकड्यांचा संशय आला, तिघांत मतभेद झाला, किंवा मतभेद नसूनहि बराच वेळ आंकडा हललाच नाहीं, तर दुसऱ्या सिलिंडरांतील हवेनें पिशवी धुवून काढतात. तीस मीटरवर हवेचा आंशिक दाब ०.८४ आणि वीस मीटरवर ०.६३ आलाच पाहिजे. जो घट तो दाखवील तो विश्वासार्ह, मग तो बहुमतांतला असो वा एकटा पडलेला असो. या उपायांत दुसराहि गुण आहे. पिशवींत प्राणवायु घातक प्रमाणांत वाढला असो कीं घटला असो, ताजी हवा भरल्यानें तो मधल्या सुरक्षित जागीं येतो. प्रश्न विचारतां विचारतां औषधहि दिलें जातें. मात्र ०.८४ ला बरोबर उत्तर देणारा घट १.३ ला बरोबर देईल असा अर्थ यांतून काढूं नये. सहा मीटरवरची परीक्षा टाळून केवळ हवेच्या धुण्यावर भिस्त ठेवणें म्हणजे पुन्हां बेरजाच तपासणें होय.

घटांच्या दुखण्यांत ओलाव्याचाहि मोठा वांटा असतो. पिशवींतील श्वास उबदार आणि वाफेनें भरलेला असतो, बाहेरचें पाणी थंड असतें. वाफेचे थेंब होऊन पडद्यावर बसतात. थेंबाआड अडकलेला घट जुनाच आंकडा धरून बसतो किंवा फार सावकाश बोलतो. तिघांवर एकदम थेंब बसले तर तिघेहि एकमतानें चुकतात. म्हणून बुडीनंतर यंत्र उघडून घट सुकवावे लागतात; उन्हांत तापलेल्या मोटारींत ते टाकून ठेवणें हा मात्र सुकविण्याचा मार्ग नव्हे. क्वचित् पडदा फाटून घट खऱ्याहून जास्त आंकडा सांगूं लागतो. तेव्हां यंत्र प्राणवायु सोडणेंच थांबवितें आणि मनुष्य नकळत बेशुद्धीकडे जातो.

या सर्वांहून स्वस्त साधन म्हणजे एक वही. प्रत्येक घटाला क्रमांक द्यावा, बसविल्याची तारीख लिहावी, आणि दर खेपेस हवेंतील व प्राणवायूंतील मिलिव्होल्ट, त्या दिवसाचा हवेचा दाब व उष्णमान यांसह नोंदावे. यंत्राला शिकवितांना तें आपलें गणित नव्या आंकड्याला जुळवून घेतें आणि तबकडीवर पुन्हां सर्व ठीक दिसतें. घट किती खचला हें तबकडी सांगत नाहीं, वही सांगते. सहा महिन्यांपूर्वीं ४८ देणारा घट आज ४१ देत असेल, तर त्याची छापील मुदत उरली असली तरी त्याला रजा द्यावी. वही न ठेवणाऱ्याला हा उतार दिसतच नाहीं, कारण प्रत्येक दिवसाचा आंकडा सुटा पाहिला तर तो बरा वाटतो.

खाणींत हीच शिस्त निराळ्या नांवानें चालते. हॉल्डेन यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेऊं लागले. विषारी कार्बन मोनॉक्साइडनें माणसाच्या आधीं पक्षी कोसळे. त्या बिचाऱ्या मापकाची आगाऊ परीक्षा घेण्याची सोय नव्हती. १९८६ सालीं तेथील खाणींतून पक्ष्यांना निवृत्त करून विजेचे वायुदर्शक आणण्याचें ठरलें. भारतांतील कोळसाखाणींच्या नियमांप्रमाणें माणसें काम करतात तेथील हवेंत प्राणवायु शंभरांत एकोणीस भागांहून कमी असतां कामा नये, आणि तें पाहणाऱ्या वायुदर्शकाला खालीं नेण्यापूर्वीं ठाऊक असलेला वायु दाखवून त्याची घंटा वाजते कीं नाहीं हें पाहिलें जातें. नुसता दिवा लागला, आंकडा दिसला, एवढ्यावर तो पास होत नाहीं.

अलीकडे शिसें न वापरतां प्रकाशावर चालणारे प्राणवायुमापकहि निघाले आहेत. त्यांतील एका विशिष्ट रंगावर प्रकाश टाकला असतां तो चमकतो, आणि प्राणवायु जितका अधिक तितकी ती चमक लवकर मावळते. शिसें नसल्यामुळें ते घटासारखे गंजून संपत नाहींत आणि पुष्कळ अधिक काळ टिकतात. कांहीं यंत्रांत ते जुन्या घटांच्या शेजारीं बसविले जातात, म्हणजे निदान एक साक्षीदार तरी निराळ्या घरचा असतो. सहा मीटरवर तोहि शुद्ध प्राणवायूनें धुतलेल्या पिशवींतच तपासला जातो.